टॉन्सिलच्या ऑपरेशनचं माहितीपत्रक सहाव्या रात्री उपयोगी पडायला हवं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टॉन्सिल आणि नाकामागच्या ॲडिनॉइडच्या ऑपरेशनसाठी येणाऱ्या मुलांच्या पालकांकरता विभागाचं माहितीपत्रक करायचं आहे. पहिला मसुदा बारा पानांचा झाला. वरिष्ठांनी तो तपासला, त्यात चूक काही नाही. तरी पालक तो वाचत नाहीत आणि घरी गेल्यावर फोन करून तेच तेच विचारतात. यातलं काय ठेवायचं, काय काढायचं आणि कसं लिहायचं?

मी गेली अनेक वर्षं मुलांच्या घशाची ऑपरेशनं करते आहे आणि अशी पत्रकं चार वेळा मुळापासून नव्याने लिहिली आहेत. माझं पहिलं सांगणं: मसुदा बाजूला ठेवा आणि ते फोन लिहून काढा. महिनाभर वॉर्डातल्या टेबलावर एक वही ठेवा. कुणाचा फोन आला, ऑपरेशननंतरचा कितवा दिवस होता, किती वाजले होते, आणि पालकांनी नेमक्या कोणत्या शब्दांत विचारलं, एवढंच टिपा. उत्तर लिहायची गरज नाही. महिन्याअखेरीला ती वही उघडलीत की पत्रकात काय हवं ते समोर येईल. टॉन्सिल घशात कुठे असतात, असं त्या वहीत कुणीही विचारलेलं नसेल. तुमच्या मसुद्याची पहिली दोन-तीन पानं बहुधा त्यावरच खर्च झाली असतील.

माझ्या पहिल्या पत्रकात एक वाक्य होतं: ‘घशातलं दुखणं हळूहळू कमी होत जाईल.’ वरवर बिनचूक दिसणारं वाक्य. एका आईने ते वाचलं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी मुलगा खेळायला लागलेला पाहिला आणि वेदनेचं औषध थांबवलं. सहाव्या रात्री त्याने पाणीसुद्धा नाकारलं. तो लाळही गिळेना आणि कान धरून रडत होता. सकाळी त्याला सलाइन लावावं लागलं. त्या माउलीने विचारलं, “आमचं काय चुकलं?” तिचं काहीच चुकलं नव्हतं. चूक माझ्या वाक्यात होती.

टॉन्सिल पूर्ण काढल्यानंतरचं दुखणं सरळ उतरत जात नाही. पहिले दोन-तीन दिवस दुखतं, मग किंचित आराम वाटतो, आणि पाचव्या ते आठव्या दिवसाच्या सुमारास पुन्हा वाढतं. टॉन्सिलच्या जागी उघडी जखम राहते. ती टाके घालून बंद केलेली नसते, आतून आपली आपण भरून येते. तिच्यावर पांढरट-पिवळा पापुद्रा धरतो आणि तो सुटायला लागला की खालची कोवळी जागा उघडी पडते. याच दिवसांत उशिराचा रक्तस्राव होण्याची शक्यताही सर्वांत जास्त असते. सगळं शमायला दहा ते चौदा दिवस लागतात. तेव्हा पत्रकातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य असं काहीतरी असायला हवं: ‘पाचव्या ते आठव्या दिवशी दुखणं पुन्हा वाढू शकतं. तुमचं काही चुकलेलं नाही. औषध चालू ठेवा, पाणी पाजत राहा.’ हे मधल्या पानावर ठळक अक्षरांत छापा.

म्हणूनच पत्रकाची रचना विषयांप्रमाणे न करता दिवसांप्रमाणे करा. ‘वेदना’, ‘आहार’, ‘स्वच्छता’, ‘गुंतागुंत’ ही मांडणी आपल्या पाठ्यपुस्तकांतली आहे. रात्री दोन वाजता रडणारं मूल मांडीवर घेऊन बसलेल्या बापाला ‘गुंतागुंत’ या मथळ्याखाली काय शोधायचं ते सुचत नाही. त्याला ‘आज सहावा दिवस’ एवढं मात्र नक्की ठाऊक असतं. त्या दिवसासमोर काय दिसेल, काय करायचं आणि कशासाठी लगेच निघायचं, या तीन गोष्टी असल्या की काम झालं.

ऑपरेशनचा प्रकार वेगळा असेल तर पत्रकही वेगळं करा. फक्त ॲडिनॉइड काढलेलं मूल बहुतेक वेळा काही दिवसांत हिंडू-फिरू लागतं. टॉन्सिलचं बाहेरचं आवरण ठेवून आतला भाग काढण्याच्या पद्धतीतही दुखणं आणि रक्तस्राव दोन्ही कमी असतात. या मुलांच्या पालकांना चौदा दिवसांचं कोष्टक दिलंत तर ते विनाकारण धास्तावतील. उलट पूर्ण टॉन्सिल काढलेल्या मुलाच्या घरी ॲडिनॉइडचं पत्रक गेलं तर माझ्या त्या जुन्या वाक्यासारखंच होईल.

आता शब्दांबद्दल. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण पत्रकं बहुधा इथेच फसतात. आपण सहज म्हणतो, “घशातल्या गाठी काढायच्या आहेत.” ‘गाठ’ हा शब्द ऐकताच घरातल्या मोठ्या माणसांच्या मनात कर्करोग येतो आणि पुढचं कुणी ऐकत नाही. मी आता ‘टॉन्सिल’ आणि ‘नाकामागचे ॲडिनॉइड’ असंच लिहिते. हे शब्द लोकांच्या तोंडी रुळलेले आहेत. ‘गलग्रंथी’ची गरज नाही. ‘शस्त्रक्रियापश्चात’ काढून ‘ऑपरेशननंतर’ लिहा, ‘द्रवपदार्थांचे सेवन’ काढून ‘पाणी पाजा’ लिहा. ‘आवश्यकतेनुसार’ हा शब्द तर औषधाच्या ओळीतून कायमचा हद्दपार करा. त्याचा अर्थ पालक ‘अगदीच सहन होईना तेव्हा’ असा घेतात.

घशातला पांढरा पापुद्रा पाहून बहुतेक पालक म्हणतात, “पू झालाय.” मग कुणीतरी घरात उरलेलं प्रतिजैविक सुरू करतं. हे थांबवायचं असेल तर ‘फायब्रिनचा थर’ लिहून भागत नाही. मी लिहिते: ‘दुधावर साय धरावी तसा पांढरट थर घशात दोन्ही बाजूंना दिसेल. तो पू नाही. गुडघ्याच्या जखमेवर खपली येते तशीच ही ओल्या जागेवरची खपली आहे. ती खरवडू नका, आपोआप निघेल.’ ही उपमा वापरायला लागल्यापासून ते घाबरे फोन आमच्याकडे फारसे येत नाहीत. त्याच दिवसासमोर तोंडाला येणारा वास, बदललेला आवाज आणि पाणी पिताना क्वचित नाकातून बाहेर येणं हेही लिहा, आणि यातलं बहुतेक काही दिवसांत जातं असं सांगा. कानाचं दुखणं मात्र ठळकपणे हवं. घशाच्या त्या भागाला आणि मधल्या कानाला संवेदना पुरवणारी नस एकच, म्हणून दुखतं घशात आणि कळ जाणवते कानात. पालकांना इतकंच पुरे: ‘कान दुखतो म्हणाला तर ती घशाचीच कळ आहे. वेदनेचं ठरलेलं औषध द्या, कानात काही घालू नका.’

ताप किती आला तर कळवायचं, याचा एकच आकडा विभागाने बसून ठरवावा आणि सगळ्यांनी तोच सांगावा. पत्रक एक सांगतं, सिस्टर दुसरं आणि फोनवरचा डॉक्टर तिसरं, असं झालं की पालक तिघांवरचाही विश्वास गमावतात.

औषधाचा भाग छापील ठेवूच नका, तिथे रिकाम्या जागा ठेवा. प्रत्येक मुलाचं वजन, औषधाचं नाव, बाटलीवरची तीव्रता, मिलिलिटर आणि घड्याळातली वेळ हे सगळं घरी सोडताना हाताने भरायचं. का, ते एका उदाहरणाने सांगते. १२ किलोच्या मुलाला दर किलोला १५ मिलिग्रॅम या हिशेबाने पॅरासिटामॉलचा एक डोस १८० मिलिग्रॅम होतो. ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे ते साडेसात मिलिलिटर. ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असलेली बाटली घरी आली, तर तोच डोस ३.६ मिलिलिटर. पहिल्या बाटलीचं माप दुसऱ्या बाटलीला लावलं की मुलाच्या पोटात दुपटीहून जास्त औषध जातं, तेही दिवसातून चार वेळा. म्हणून ‘चमचा’ हा शब्द पत्रकात नको. सुईविना सिरिंज द्या, तिच्यावर योग्य रेघेशी पेनाने खूण करा आणि वॉर्डातच पालकांकडून एकदा भरून घ्या. सर्दीच्या तयार सिरपमध्येही अनेकदा पॅरासिटामॉल असतं. न विचारता दुसरं कोणतंही औषध देऊ नका, ही ओळ त्याच चौकटीत लिहा.

पहिले काही दिवस औषध घड्याळ लावून द्यायचं, मूल रडण्याची वाट पाहायची नाही. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने मुलांच्या टॉन्सिल ऑपरेशनसाठी २०११मध्ये मार्गदर्शिका काढली आणि २०१९मध्ये ती सुधारली. वेदनेसाठी आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल किंवा दोन्ही, अशी तिची शिफारस आहे. आयबुप्रोफेनने रक्तस्राव वाढेल अशी भीती पूर्वी फार होती आणि काही शल्यचिकित्सक अजूनही ते टाळतात. तुमच्या विभागाने जे ठरवलं असेल ते लिहा, पण ठरवा. ॲस्पिरिन नको, हे मात्र सगळीकडे सारखं. वेदना आणि खोकल्यावर दिल्या जाणाऱ्या कोडीनबद्दल तर स्पष्ट इशाराच हवा. हे औषध शरीरात गेल्यावर त्याचं मॉर्फिन होतं, आणि काही मुलांत हा बदल इतक्या झपाट्याने होतो की श्वास मंदावतो. टॉन्सिल काढल्यानंतर अशी मुलं दगावल्यामुळे अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१३मध्ये कडक इशारा दिला. २०१७मध्ये १२ वर्षांखालच्या मुलांना कोडीन आणि ट्रॅमाडॉल (वेदनेचंच आणखी एक औषध) देऊच नये, आणि टॉन्सिल वा ॲडिनॉइड काढल्यानंतर १८ वर्षांखालच्या कुणालाही ट्रॅमाडॉल नको, असं ठरलं. घरातल्या खोकल्याच्या जुन्या बाटलीत कोडीन असू शकतं. झोपेत श्वास अडकतो म्हणून ज्यांचं ऑपरेशन झालं, त्या मुलांना अशा औषधांचा धोका जास्त असतो.

रक्ताचं पान वेगळ्या रंगाचं असावं आणि त्यावर दुसरं काहीही नसावं. ‘रक्तस्राव क्वचित होतो’ असं लिहिलं की एक पालक ते ‘होत नाही’ असं वाचतो आणि दुसरा रात्रभर बॅटरी लावून घसा बघत बसतो. आकडा सांगा: शंभर मुलांपैकी इतक्यांना होतो. आकडा तुमच्या स्वतःच्या विभागाचा असावा. वर सांगितलेल्या मार्गदर्शिकेतही वर्षातून किमान एकदा आपलं प्रमाण मोजावं असं सांगितलं आहे. मग करायच्या गोष्टी, आज्ञार्थी, एकेका ओळीत:

तोंडातून किंवा नाकातून लाल ताजं रक्त आलं, तर लगेच रुग्णालयात या. थांबलं तरी या.
मुलाला बसवा, पुढे झुकवा, रक्त थुंकू द्या. उताणं झोपवू नका.
खायला-प्यायला काही देऊ नका.

शेवटच्या ओळीचं कारणही कंसात लिहा: पुन्हा भूल द्यावी लागू शकते. कारण कळलं की लोक पाळतात. आणखी दोन खुणा पालकांना कुणी सांगत नाही. एक, झोपेत मूल पुन्हा पुन्हा आवंढा गिळत असेल तर ते रक्त गिळत असण्याची शक्यता असते. दोन, गिळलेलं रक्त उलटीतून लालच येईल असं नाही, ते काळपट-तपकिरी दिसू शकतं. आणि त्या पानावरचा फोन नंबर छापण्याआधी रात्री दोन वाजता स्वतः लावून पाहा. आमच्या एका आवृत्तीवर बाह्यरुग्ण विभागाचा नंबर छापला गेला होता, जो संध्याकाळनंतर कुणीच उचलत नसे. ज्यांना रुग्णालयात पोहोचायला खूप वेळ लागतो, त्यांनी पहिले दहा-बारा दिवस कुठे राहावं हे पत्रकावर सोडू नका. तारीख ठरवतानाच बोला.

खाण्याविषयी मी फार थोडं लिहिते. पालक विचारतात “काय खायला देऊ?” आणि महत्त्वाचं असतं ते “किती प्यायला देऊ?” दोन दिवस जेवला नाही तरी चालेल, पण पाणी सुटता कामा नये. औषध दिल्यावर अर्ध्या तासाने, घसा थोडा शांत असताना, घोट घोट पाजा. आवडेल ते, थंड किंवा कोमट. लघवी किती वेळा झाली ते मोजायला सांगा. हे मोजमाप कुठल्याही घरात जमतं, आणि फोनवर तोच प्रश्न आपल्याला सर्वाधिक उपयोगी पडतो.

उपाशी राहण्याची सूचना मुख्य पत्रकात नको. तो वेगळा छोटा कागद असावा आणि त्यावर घड्याळातली वेळ लिहावी. ‘रात्री बारानंतर काही नाही’ या जुन्या सवयीने दुपारी नंबर लागणारी मुलं अर्धा दिवस तहानलेली राहतात. भूलतज्ज्ञांचा सर्वसाधारण नियम असा: हलकं खाणं आणि वरचं दूध ६ तास आधी बंद, आईचं दूध ४ तास आधी, साधं पाणी २ तास आधी. दहाचं ऑपरेशन असेल तर ‘सकाळी आठपर्यंत पाणी द्या’ असं लिहा. ‘देऊ शकता’ असं लिहिलंत तर भीतीपोटी कुणी देणार नाही.

मुलासाठी एक पान वेगळं करा. ते वाचून दाखवायचं असतं, म्हणून मोठ्याने वाचून तपासा. इथेही शब्द जपून वापरा. “तुला भूल देणार” असं म्हटल्यावर एका पाच वर्षांच्या मुलीने मला विचारलं होतं, “मग मी आईला विसरेन?” तेव्हापासून मी मुलांशी ‘औषधाची झोप’ असं बोलते आणि लगेच जोडते: ‘काम झालं की डॉक्टर तुला उठवतात.’ दुखणार नाही असं कधीही लिहू नका. घसा दुखेल, त्यासाठी औषध आहे, आणि दुखलं की सांगायचं, एवढं खरं सांगा. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना हे आपण केलेल्या खोडीची शिक्षा वाटू शकतं. ‘तू काही चूक केलेली नाहीस’ हे वाक्य त्या पानावर हवंच. या वयाच्या मुलांना एक-दोन दिवस आधी सांगितलेलं पुरतं. शाळेत जाणाऱ्यांना आठवडाभर आधी, आणि मोठ्या मुलांना ठरवतानाच सोबत घ्यावं. पालकांसाठी त्याच पानामागे लिहा की भुलेतून उठताना काही मुलं अर्धा तासभर ओळख न दाखवता रडतात, हातपाय झाडतात. हे ओसरतं आणि मुलाला नंतर आठवत नाही. आधी माहीत नसेल तर आईबापांच्या मनात तो अर्धा तास वर्षानुवर्षं राहतो.

भाषा सोपी आहे की नाही, हे तपासायला इंग्रजीतल्या वाचनसुलभतेच्या सूत्रांचा आधार घेऊ नका. ती इंग्रजी शब्दांतली अक्षरं आणि वाक्यांची लांबी मोजून बनवलेली आहेत. आपल्याकडे ‘पाजवल्यानंतरसुद्धा’ हा एक शब्द होतो आणि कुणालाही समजतो. त्यापेक्षा पाच-सहा पालक बसवा. त्यांत एक तरी कमी शिकलेले असावेत आणि एक तरी आजी किंवा आजोबा असावेत, कारण दुपारचा डोस अनेक घरांत तेच देतात. “समजलं का?” असं विचारू नका. त्याला सगळे होच म्हणतात. “रात्री उशीवर रक्त दिसलं तर तुम्ही काय कराल, मला सांगा,” असं विचारा. उत्तर चुकलं तर वाक्य बदला. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी हाच मजकूर तीन मिनिटांच्या ध्वनिमुद्रणात द्या. विभागातल्या ज्या सिस्टरचा आवाज पालकांच्या ओळखीचा असेल, तिच्याकडूनच तो वाचून घ्या. चित्रंही साधी रेघांची काढा. फाडलेल्या जबड्याचं रंगीत चित्र पाहिलं की लोक कागद घडी घालून ठेवून देतात.

पत्रक कधी द्यायचं, यावरही बरंच अवलंबून असतं. डॉक्टरांनी तोंडी सांगितलेल्यातलं चाळीस ते ऐंशी टक्के रुग्ण लगेच विसरतात असं अभ्यासांतून दिसलेलं आहे, आणि घरी सोडण्याच्या घाईत तर कान बंदच असतात. ऑपरेशन ठरतं त्याच भेटीत पत्रक द्या. भरतीच्या दिवशी परत आणायला सांगा, घरी सोडताना त्यावरच औषधांच्या वेळा भरा. चुरगळलेला, खुणा केलेला कागद परत आला तर समजा तो वाचला गेला.

आणि पाचव्या दिवशी आपणहून एक फोन करा. रात्री औषध देता का, आज लघवी किती वेळा झाली, आणि लाल रक्त दिसलं तर कुठे जाल, हे तीन प्रश्न पुरतात. पालकांना उत्तर देताना जिथे अडखळायला होतं, ती ओळ पुढच्या आवृत्तीत बदलायची. वही टेबलावरून हलवू नका, आणि प्रत्येक पत्रकाच्या तळाशी आवृत्तीची तारीख छापा, म्हणजे कपाटात राहिलेली जुनी प्रत कुणाच्या हाती जाणार नाही.